गणितात ७८०, इंग्रजीत ५६०: आता काय?

पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणारी मुलगी पुण्यात सिंहगड रस्त्याला राहते. दहावीपर्यंत सेमी-इंग्रजी, आता बारावी सायन्स. अमेरिकेत जाऊन हवामानशास्त्र शिकायचं, हे आठवीपासून डोक्यात आहे. त्यासाठी आत्तापर्यंत दोनदा सॅट, म्हणजे अमेरिकी कॉलेजांच्या प्रवेशासाठीची परीक्षा, दिली. पहिल्यांदा पुण्यातली केंद्रं भरली होती म्हणून पहाटे अडीचला गाडी काढून मुंबई गाठली. गणितात ७७०, रीडिंग-रायटिंगमध्ये ५६०. दुसऱ्यांदा केंद्र पुण्यातच मिळालं. गणितात ७८०, रीडिंग-रायटिंग पुन्हा ५६०. ती लिहिते, "रीडिंग-रायटिंगच्या पहिल्या भागात वेळच पुरत नाही. शेवटचे चार-पाच प्रश्न राहतात आणि निगेटिव्ह मार्किंगच्या भीतीने मी तुक्केही मारत नाही. दुसरा भाग मात्र दोन्ही वेळा चक्क सोपा गेला होता, तरी मार्क तेवढेच!" क्लासचे सर म्हणतात, १५०० च्या खाली अमेरिकेचं नाव काढू नका. वर दीड लाखाचा 'पर्सनल' कोर्स सुचवतात. आई म्हणते, इंग्लिश मीडियमला घातलं असतं तर ही वेळ आली नसती. बाबा गावाकडचा प्लॉट विकायची भाषा करतात. तिचे प्रश्न असे: तिसऱ्यांदा द्यावी का? एक वर्ष गॅप घ्यावी का? की सॅट न मागणारी कॉलेजं शोधावीत? आणि शेवटी, "माझं इंग्रजी मुळातच कच्चं आहे, ते आता काय सुधारणार?"

उत्तर:

आधी तुझ्या त्या 'दुसरा भाग चक्क सोपा गेला' या वाक्याकडे येते. पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तिथं आहे आणि तू ती तक्रारीच्या सुरात जाता जाता लिहून टाकली आहेस.

मार्च २०२३ पासून आपल्याकडे सॅट कागदावर होत नाही, ब्लूबुक नावाच्या अ‍ॅपमध्ये होते, हे तुला माहीत आहेच. रीडिंग-रायटिंगचे दोन भाग, प्रत्येकी २७ प्रश्न, ३२ मिनिटं. गणिताचे दोन, प्रत्येकी २२ प्रश्न, ३५ मिनिटं. सगळं मिळून २ तास १४ मिनिटं. पण ही परीक्षा तुझ्याकडे बघत बघत पुढे सरकते. पहिल्या भागात सोपे-अवघड सगळे प्रश्न मिसळलेले असतात. तो तू कसा सोडवलास यावरून दुसरा भाग ठरतो. बरा सोडवला असेल तर अवघड दुसरा भाग येतो, नाहीतर सोपा. आणि सोपा आला की त्यातलं सगळं बरोबर आलं तरी गुण एका हद्दीच्या वर चढत नाहीत.

म्हणजे तू दुसरा भाग खुशीत सोडवत होतीस, तेव्हा निकाल बराचसा लागून गेलेला होता. तो लागला पहिल्या ३२ मिनिटांत, आणि तिथं तू दर वेळी चार-पाच प्रश्न कोरे सोडून येत होतीस. दोन्ही वेळा ५६० वर का अडकलीस, याचं उत्तर मला तरी बहुतांशी इथंच दिसतं.

आता तुक्क्याबद्दल. सॅटला निगेटिव्ह मार्किंग नाही. एकाही चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. ही गोष्ट क्लासमध्ये कुणी सांगितली नसेल असं मला वाटत नाही, पण जेईईच्या सराव परीक्षा देऊन देऊन आपल्या मुलांच्या हाताला एक सवय लागते: खात्री नसेल तर सोडून दे. ती सवय इथं थेट नुकसान करते. शेवटचं एक मिनिट उरलं की राहिलेल्या सगळ्या प्रश्नांवर काही ना काही ठोकून यायचं. एवढ्याने ५६० चे ७०० होणार नाहीत, पण फुकट जाणारे गुण तरी वाचतील.

त्याहून मोठी गोष्ट प्रश्नांच्या क्रमाची आहे. रीडिंग-रायटिंगच्या प्रत्येक भागात प्रश्न एका ठरलेल्या क्रमाने येतात. सुरुवातीला शब्दाचा नेमका अर्थ, उताऱ्याचा हेतू, मग आशय, पुरावा, आलेख, अनुमान. त्यानंतर व्याकरण आणि विरामचिन्हं. सगळ्यात शेवटी वाक्यं जोडणारे शब्द आणि 'एका विद्यार्थ्याने काढलेल्या नोंदी' वापरून वाक्य निवडायचे प्रश्न. गंमत अशी की वेळ संपला म्हणून तू जे चार-पाच सोडतेस, ते बहुतेक या शेवटच्या गटातले असतात, आणि सराव झालेल्या मुलाला ते सर्वांत लवकर सुटतात. नोंदींच्या प्रश्नात तर बऱ्याचदा नोंदी नीट वाचायचीही गरज पडत नाही. 'दोन गोष्टींतला फरक ठळक करायचा आहे' असं प्रश्नात लिहिलेलं असतं आणि चार पर्यायांपैकी फरक सांगणारा पर्याय एकच असतो. तू मात्र एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याशा कवितेवर तीन मिनिटं घालवून हे सोडून येतेस.

म्हणून पहिला उपाय अगदी साधा. साधारण पंधराव्या-सोळाव्या प्रश्नापासून, जिथं विरामचिन्हं सुरू होतात तिथून, सुरुवात कर. शेवटपर्यंत जा. मग पहिल्या प्रश्नाकडे ये. ब्लूबुकमध्ये मागेपुढे जाता येतं, प्रश्नावर खूण करून ठेवता येते, नको असलेला पर्याय खोडता येतो. त्या सोयी वापर. आणि एखादा प्रश्न फारच विचित्र वाटला तर त्याच्यापाशी रडत बसू नकोस. प्रत्येक भागात दोन प्रश्न पुढच्या परीक्षांसाठी चाचणी म्हणून घातलेले असतात, त्यांचे गुण धरतच नाहीत. विचित्र प्रश्न त्यातलाच असेल असं नाही, पण असू शकतो, एवढं मनाशी धरून पुढे जाता येतं.

आता 'माझं इंग्रजी मुळातच कच्चं'.

रीडिंग-रायटिंगमधले जवळपास निम्मे प्रश्न व्याकरण, विरामचिन्हं आणि वाक्यजोडणीचे असतात. यात तुझं इंग्रजी कानाला किती फर्डं वाटतं याचा संबंध नाही. नियम आहेत, ते मोजके आहेत, आणि जी मुलगी गणितात ७८० आणते तिला ते येणार नाहीत यावर माझा विश्वास नाही. एक उदाहरण घेऊ. मराठीत आपण बिनदिक्कत लिहितो, 'पाऊस आला, आम्ही पळालो.' दोन पूर्ण वाक्यं, मध्ये स्वल्पविराम, कुणालाही खटकत नाही. सॅटच्या इंग्रजीत ही चूक आहे. दोन पूर्ण वाक्यांमध्ये नुसता स्वल्पविराम चालत नाही: पूर्णविराम हवा, अर्धविराम हवा, नाहीतर स्वल्पविरामाबरोबर 'अँड', 'बट' असा जोडशब्द हवा. 'हाउएव्हर' हा त्या जोडशब्दांत मोडत नाही, हे आणखी एक. एवढा एकच नियम पक्का केलास तरी परीक्षेतले काही प्रश्न सुटतात. शाळेत आपल्याला व्हॉइस बदला, नॅरेशन बदला हे घोटून घेतात, अर्धविरामाकडे कुणी फिरकत नाही. यात माध्यमाचा काय दोष? इंग्लिश मीडियमची मुलंही याच प्रश्नांवर आपटतात, फक्त त्यांना ते मान्य करायला थोडा जास्त वेळ लागतो.

उरलेले निम्मे प्रश्न वाचनाचे. इथं आपली मुलं चुकतात ती वेगळ्या कारणाने, आणि मला वाटतं हे कारण कुणी समजावून सांगत नाही. सॅटच्या धर्तीवर एक छोटा उतारा मीच रचून देते:

'दोन गावांतल्या पेरणीच्या तारखा अभ्यासकांनी तपासल्या. एका गावातल्या शेतकऱ्यांना पावसाच्या अंदाजाचा संदेश मोबाईलवर मिळत होता, दुसऱ्या गावात तशी सोय नव्हती. ज्या वर्षी मान्सून लांबणार असा अंदाज होता, त्या वर्षी पहिल्या गावात पेरणी सरासरीपेक्षा उशिरा झाली, दुसऱ्या गावात नेहमीच्याच वेळी. यावरून असं दिसतं की...'

पर्याय एक: अंदाजाच्या संदेशामुळे शेतकऱ्यांचं उत्पन्न वाढतं. पर्याय दोन: पेरणी कधी करायची हे ठरवताना पहिल्या गावातले शेतकरी अंदाज विचारात घेत असावेत. पर्याय तीन: दुसऱ्या गावातल्या शेतकऱ्यांचा हवामान खात्यावर विश्वास नाही. पर्याय चार: मान्सूनचे अंदाज आता पूर्वीपेक्षा अचूक झाले आहेत.

तू हवामानाची वेडी आहेस. तुला पहिला आणि चौथा पर्याय खरे वाटतील, कदाचित ते जगात खरे असतीलही. पण उताऱ्यात उत्पन्नाचा शब्द नाही, अचूकतेचा नाही, विश्वासाचा तर नाहीच. उत्तर दोन. तेच सगळ्यात बेतास बात, कमी बोलणारं उत्तर आहे, आणि 'असावेत' या शब्दामुळेच ते टिकतं. आपल्या परीक्षांनी आपल्याला शिकवलेलं असतं की जेवढं माहीत आहे तेवढं सगळं लिहा, भरपूर लिहा, गुण मिळतील. 'कारणे द्या'ला पाच कारणं आठवली तर पाचही लिहायची. इथं बाहेरचं ज्ञान दाराशी चपलांजवळ ठेवून यायचं. हुशार मुलं याच ठिकाणी जास्त चुकतात, कारण त्यांच्याकडे बाहेरचं ज्ञान जास्त असतं.

यावर एक सराव सुचवते, थोडा आडवळणाचा. घरी येणाऱ्या मराठी पेपरातला अग्रलेख घे. प्रत्येक परिच्छेदाला समासात एका ओळीत लिही: या परिच्छेदात लेखक *काय करतोय*? काय सांगतोय ते नको, काय करतोय ते. समोरच्याचं म्हणणं मांडतोय, त्यातलं भोक दाखवतोय, उदाहरण देतोय, माघार घेतोय. आठवडाभर मराठीत कर, कारण तिथं शब्दांची अडचण नाही आणि डोकं नेमक्या कामावर राहतं. मग तेच इंग्रजी उताऱ्यांवर. जुन्या इंग्रजी गद्याची भीती वाटते असं लिहिलं आहेस, तर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर जुन्या कथा फुकट आहेत. रोज एक पान मोठ्याने वाच. गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशांच्या सरावात ते कुणाला ऐकूही जाणार नाही.

आता क्लास. दीड लाख देण्याआधी सरांना एवढंच विचार: "माझे कुठल्या प्रकारचे प्रश्न चुकतात?" तुझ्या निकालपत्रात रीडिंग-रायटिंगच्या चार विभागांच्या वेगवेगळ्या पट्ट्या असतात. कुठं तू भक्कम आहेस आणि कुठं पोकळ, ते त्यात दिसतं. त्या पट्ट्या बघून सरांनी काही नेमकं सांगितलं तर बोलणं पुढे न्यायला हरकत नाही. न बघताच 'व्होकॅब्युलरी वाढवावी लागेल' म्हणाले, तर पैसे वाचव. हजार शब्दांच्या याद्या पाठ करण्याचा काळ जुन्या सॅटबरोबर गेला, आता शब्द विचारतात तो उताऱ्याच्या संदर्भात. सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचे सराव पेपर ब्लूबुकमध्ये फुकट आहेत, प्रश्नपेढी फुकट आहे, खान अकॅडमीवरचा अभ्यासक्रम फुकट आहे. ब्लूबुकमधले पूर्ण पेपर मात्र मोजकेच आहेत, ते चणे-फुटाण्यासारखे संपवू नकोस. तीन आठवड्यांतून एक दे आणि मधले दिवस चुकांवर घालव. एक वही कर: प्रश्न कुठला, मी कुठला पर्याय निवडला, *का निवडला*, आणि तो का चूक. तिसरा रकाना भरायला लाज वाटते, म्हणून मुलं तो गाळतात आणि मग तीच चूक पुन्हा करतात.

हे सगळं करून तिसऱ्यांदा परीक्षा दे. होय, द्यावी असं माझं मत आहे. ऑक्टोबरची. नोंदणी आजच कर, पुण्यातल्या केंद्रांवरच्या जागा फार दिवस थांबत नाहीत. आणि ती शेवटची. नोव्हेंबरपासून तुला अर्जांचे निबंध लिहायचे आहेत, त्यापाठोपाठ कॉलेजची पूर्वपरीक्षा, प्रॅक्टिकल, आणि फेब्रुवारीत बोर्ड. बारावीचे गुण अमेरिकेलाही लागतात आणि इथंही. सॅटच्या पन्नास गुणांसाठी बोर्डाचे दहा टक्के घालवणारी मुलं मी पाहिली आहेत.

गणिताची चिंता नको. पुष्कळ विद्यापीठं वेगवेगळ्या प्रयत्नांतले विभागवार सर्वोत्तम गुण एकत्र धरतात, त्यामुळे तुझे ७८० तिथं शाबूत आहेत. रीडिंग-रायटिंगमध्ये साडेसहाशेच्या आसपास पोचलीस तर बेरीज १४३० होते. सरांच्या १५०० पेक्षा कमीच.

मग या १५०० चं काय करायचं? हा आकडा कुठून आला, हे विचारलंस का? काही मोजक्या विद्यापीठांत प्रवेश मिळालेल्या बहुतेक मुलांचे गुण १५०० च्या वर असतात, हे खरं आहे. त्यावरून 'अमेरिका' ठरवणं म्हणजे फर्ग्युसनच्या कटऑफवरून महाराष्ट्रातली सगळी कॉलेजं ठरवण्यासारखं झालं. बहुतेक अमेरिकी विद्यापीठं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचं एक कागदपत्र प्रसिद्ध करतात. विद्यापीठाचं नाव आणि हे तीन शब्द टाकून शोधलंस की सापडेल. त्यातल्या सी-९ या रकान्यात प्रवेश घेतलेल्या मुलांपैकी मधल्या पन्नास टक्क्यांचे सॅट गुण कुठून कुठपर्यंत होते, ते दिलेलं असतं. तुझे गुण त्या पट्ट्यात किंवा वर असतील तर पाठव. खाली असतील आणि विद्यापीठ सॅट सक्तीची करत नसेल, तर पाठवू नकोस. हा निर्णय प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळा घ्यायचा असतो.

सक्ती कुठं आहे तेही बदलत राहिलं आहे. कोविडमध्ये, २०२० साली, जवळपास सगळ्यांनी अट शिथिल केली. एमआयटीने २०२२ मध्ये ती परत आणली, २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड यांनीही चाचणी परत आणत असल्याचं जाहीर केलं. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिससह सगळ्या शाखा सॅटचे गुण पाठवलेस तरी बघत नाहीत. त्यामुळे मैत्रिणीच्या दादाने तीन वर्षांपूर्वी काय केलं यावर विसंबू नकोस. प्रत्येक विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर यंदाचा नियम बघ.

आणि एक सांगू? तुला शिकायचं आहे हवामानशास्त्र. पत्रासोबतच्या तुझ्या यादीत सगळी नावं टी-शर्टवर छापलेली असतात तीच आहेत. ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावात नॅशनल वेदर सेंटर आहे, ओक्लाहोमा विद्यापीठाचा हवामानशास्त्र विभाग त्याच इमारतीत बसतो. पेन स्टेटचा विभागही या विषयात जुना आणि नावाजलेला. १५०० ची अट यांनी कुणी घातलेली नाही. पण ही नावं घेतल्यावर पुढचा प्रश्न येतो, आणि तो तुझ्या पत्रात एका ओळीत उरकला गेलाय: पैसे.

मला वाटतं, तुमच्या घरात चर्चा उलट्या क्रमाने चालली आहे. आधी गुण, मग प्रवेश, मग प्लॉट. खरं तर पैशाचं बोलणं पहिलं व्हायला हवं, कारण कुठं अर्ज करायचा आणि सॅटला किती किंमत द्यायची हे त्यावरच ठरतं. मोठ्या खासगी विद्यापीठांत राहण्या-खाण्यासकट वर्षाचा खर्च ऐंशी हजार डॉलरच्या पुढे जातो, आणि पदवी चार वर्षांची. सरकारी विद्यापीठं काहीशी स्वस्त, पण परदेशी मुलांना गरज बघून मदत तिथं फार कमी. अर्जदार मदत मागतोय की नाही हे न बघता परदेशी मुलांचे अर्ज तपासणारी, आणि प्रवेश दिल्यावर पूर्ण गरज भागवणारी विद्यापीठं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट आणि आणखी काही. तिथली चुरस भयंकर. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की प्रवेश अवघड होतो. न मागता प्रवेश घेतला तर पुढच्या वर्षी मागायची सोय अनेकदा नसते. त्या कॉमन डेटा सेटमध्येच एच-६ हा रकाना बघ: किती परदेशी विद्यार्थ्यांना मदत दिली आणि सरासरी किती. रविवारी सकाळी बाबांना शेजारी बसवून यादीतल्या प्रत्येक नावापुढे हा आकडा लिही. मला वाटतं, यादी त्याच बैठकीत निम्मी होईल.

प्लॉटबद्दल बाबांना एवढंच सांगेन: विकण्याआधी बँकेत जाऊन या. शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका एका मर्यादेनंतर साधारणपणे तारण मागतात आणि प्लॉट तारण ठेवता येतो. पण आधी घरात एक आकडा ठरवा, ज्याच्या वर जायचं नाही. मुलीसमोर ठरवा. 'तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघतो' हे वाक्य प्रेमाचं असलं तरी सतरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ते केवढं ओझं टाकतं, हे तिचं पत्र वाचून कळतं.

गॅप घ्यावी का? सॅटसाठी, नको. ऑक्टोबरला जे होईल ते होईल, त्यावर वर्ष लावण्याएवढी ही परीक्षा मोठी नाही. पण तुझ्या पत्रात एका वाटेचा उल्लेखच नाही याचं मला नवल वाटलं, कारण ती वाट तुझ्या घरापासून पीएमपी बसच्या अंतरावर आहे. पाषाणला आयसर पुणे ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथं पृथ्वी आणि हवामान विज्ञानाचा विभाग आहे. त्याच होमी भाभा रस्त्यावर उष्णदेशीय हवामानशास्त्राची राष्ट्रीय संस्था, आयआयटीएम, आहे, जिथं मान्सूनच्या मॉडेलवर काम चालतं. आणि शिवाजीनगरचं 'शिमला ऑफिस' तर तू बसमधून शंभरदा पाहिलं असशील. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं म्हणून ते नाव पडलं. मान्सून शिकायला जगातली मुलं जिथं येतात, त्या गावात तू राहतेस.

आयसरचा प्रवेश आता फक्त त्यांच्या स्वतःच्या अभियोग्यता चाचणीतून होतो, आयएटी म्हणतात तिला. तीन तास, ६० प्रश्न, भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र प्रत्येकी १५. आणि हो, इथं निगेटिव्ह मार्किंग *आहे*, तेव्हा तुक्क्याचा सल्ला इथं लावू नकोस. ती बारावीनंतर होते, म्हणजे सॅट आणि अर्जांच्या आड येत नाही. पाच वर्षांचा बीएस-एमएस (पदवी आणि पदव्युत्तर एकत्र) करून पीएचडीला अमेरिकेत गेलीस, तर तिथल्या विज्ञान विभागांत साधारणपणे फी माफ होते आणि वर विद्यावेतन मिळतं. शिवाय अनेक विभाग आता जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षाही मागत नाहीत. अमेरिका पाच वर्षं लांबते, प्लॉट जागेवर राहतो. हे कर असं मी म्हणत नाही. पदवीलाच जायची ओढ वेगळी असते आणि ती खोटी नसते. पण 'आत्ता अमेरिका, नाहीतर काहीच नाही' असं जे तुझ्या पत्रभर पसरलंय, त्याला आधार नाही.

आईंना: तुम्ही तिला सेमीत घातलंत, ती गणितात ७८० आणते आणि मराठीत असं पत्र लिहिते की त्यातलं एकही वाक्य मला दुरुस्त करावं लागलं नाही. अर्धविराम शिकायला दोन आठवडे लागतात.

तुझ्यासारख्या राज्य मंडळाच्या मुलांना आणखी एक ठेच हमखास लागते, तिची तयारी आत्ताच कर. अर्जांत नववी ते बारावीचे गुण, शाळेची माहिती, शिक्षकांची शिफारसपत्रं आणि 'स्कूल काउन्सेलर'चा अहवाल मागतात. आपल्या ज्युनिअर कॉलेजात काउन्सेलर नावाचं माणूस बहुधा नसतं. उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षिका ते काम करू शकतात, पण त्यांनी आधी 'हो' म्हणायला हवं, त्यांचा कॉलेजचा ईमेल चालू हवा, आणि हे सगळं ऑनलाइन भरायचं असतं हे त्यांना बसून समजवावं लागतं. नववी-दहावीची गुणपत्रकं जुन्या शाळेतून साक्षांकित करून आण. नावाकडेही बघ: बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुझं, मग वडिलांचं, पासपोर्टवर क्रम वेगळा, कधी वडिलांचं नावच नसतं. सॅटची नोंदणी, टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षा, विद्यापीठांचे अर्ज, सगळीकडे पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं लिही. टोफेलचं रूप जानेवारी २०२६ पासून बदललं आहे, गुणही आता १ ते ६ अशा श्रेणीत देतात, तेव्हा मैत्रिणीची जुनी पुस्तकं घेऊ नकोस. काही अडलं तर मुंबईत यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेचं एज्युकेशनयूएसए केंद्र आहे, तिथं सल्ला मिळतो आणि त्यांना तुला कुठला कोर्स विकायचा नसतो. कॉलेजच्या ऑफिसात मात्र ऑगस्टमध्येच जाऊन ये. ऑक्टोबरनंतर तिथं बारावीच्या फॉर्मांची रांग लागते आणि मग खिडकीपलीकडून कुणी मान वर करत नाही.